पडवीतली बरोबरी

८ जानेवारी, बुधवार

धरणाच्या प्रकल्पावर असताना रोज पाऊस आणि पाण्याची पातळी लिहायची सवय होती. अलोऱ्याच्या कॉलनीत ते काम माझ्याकडे होते. निवृत्तीनंतर लिहिण्यासारखे काही उरले नाही. आता शमिका म्हणते, बाबा, तुम्ही बोलत नाही, तर निदान लिहा. मुलीने सांगितले म्हणून लिहितो.

तुळसा, माझी बायको, शुक्रवारी पहाटे गेली. मूत्रपिंडाचे दुखणे जुनेच होते. दवाखान्यात शेवटचे नीट बोलली ते असे : "सामना अर्धवट राहिला. तसा ठेवू नका." मी हो म्हटले. आजारी माणसाला आपण हो म्हणतोच.

सामना म्हणजे मिरकरवाडा बुद्धिबळ मंडळाच्या विजेतेपदाचा. तुळसा बुद्धिबळ अलोऱ्याला शिकली. कॉलनीत संध्याकाळी करण्यासारखे दुसरे काही नव्हते. सहा महिन्यांत ती आमच्या कार्यकारी अभियंत्यांना हरवू लागली. माझी बढती त्यामुळे लांबली असे मला वाटत असे, पण तिला कधी म्हटले नाही. रत्नागिरीत घर केल्यावर ती मंडळात जाऊ लागली आणि सलग चार वर्षे विजेती झाली.

या खेपेला आव्हान देणारा काशीराम. तो बंदरावर मासळीचा लिलाव पुकारतो. आवाज असा, की पडवीत बोलला तर परसातल्या कोंबड्या उठतात. मंडळाची खोली जाळीवाल्याच्या दुकानाच्या माडीवर आहे. जिना उभा, तिला चढवेना. म्हणून दर रविवारी काशीराम पट घेऊन आमच्या पडवीत येई. दहा डावांचा सामना होता. दहाही डाव बरोबरीत सुटले. पाच-पाच गुण.

काशीराम एरवी समोरच्याला फाडून खातो म्हणतात. पण तुळसाशी खेळताना तो साध्या चुका करी. "आज काशीराम तीनदा जिंकायचा राहिला," असे ती मला हसत सांगे. काशीरामही जाताना फाटकाशी मला म्हणे, "वहिनींनी आज जिंकलेला डाव सोडला वो साहेब." औषधांनी तिचे डोके जड होत असावे.


१२ जानेवारी, रविवार

आज दहावा. भाट्याच्या खाडीकाठी पिंड ठेवले. मुलगा नाही, म्हणून सगळे मीच केले. कावळे समोरच्या उंडीच्या झाडावर बसून होते. एकही खाली येईना.

भटजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल तर बोला." मी म्हटले, शमिकाची काळजी करू नको. कावळा हलला नाही. शमिका म्हणाली, "आई, मी बाबांना ठाण्याला घेऊन जाईन." कावळा उठला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला. भटजींनी घड्याळ पाहून दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेवढ्यात काशीराम स्कूटरवरून आला. मागे मंडळाचा सचिव विनीत. काशीराम थेट लिलावावरून आला होता, हुकाला बांगड्यांची पिशवी होती. विधीच्या जागी मासळी नको म्हणून तो लांबच थांबला आणि तिथूनच, लिलावाच्या आवाजात, पिंडाकडे बघून ओरडला :

"वहिनी! मी हार मानतो! तुमीच विजेत्या!"

कावळे तसेच.

"बरं, मगे बरोबरी! दोघांत वाटून घेऊ!"

कावळ्याने पाठ फिरवली. हे मी स्वतः पाहिले.

काशीरामला बहुधा वाटले की गेलेल्या माणसाशी लांबून ओरडून बोलणे बरे नाही. तो तसाच जवळ आला, गडबडीत हुकाची पिशवीही हातात आली. पिंडापासून चार हातांवर उभा राहून हळू म्हणाला, म्हणजे त्याच्या मानाने हळू : "मगे सामना पुरा करू, वहिनी. तुमच्या जागी साहेब खेळतील."

साहेब म्हणजे मी.

कावळा सरळ खाली आला. त्याच्यामागून आणखी तीन. एकाने भाताला चोच लावली, बाकीचे काशीरामच्या भोवती घुटमळत राहिले. शमिका रडायला लागली. भटजींनी दर्भाचा कावळा मोडून टाकला. तिचा जीव त्या सामन्यात अडकला होता हे उघड झाले.

विनीतने मोबाईलमध्ये वेळ टिपून घेतली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तीन प्रस्ताव होते. हार फेटाळली, वाटणी फेटाळली, तिसरा मंजूर."


१३ जानेवारी, सोमवार

मला बुद्धिबळातल्या सोंगट्या कशा चालतात एवढे माहीत आहे. तेही चहा देता देता पाहून.


१९ जानेवारी, रविवार

शमिका काल ठाण्याला गेली. आज विनीत आणि काशीराम आले. विनीतचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. पुण्याला जाऊन तो बुद्धिबळाच्या पंचांची परीक्षा देऊन आला आहे, तेव्हापासून साधे बोलत नाही. कलम सांगतो.

"असं आहे काका, पूर्वी सोपं होतं. जागतिक विजेतेपदाचा सामना बरोबरीत सुटला की जुना विजेता तोच विजेता. हरला तर वर्षाच्या आत परतीचा सामना मागायचा हक्कसुद्धा. मग लोक म्हणाले, हा आव्हान देणाऱ्यावर अन्याय आहे. एकदा त्यांनी ठरवलं की बरोबऱ्या मोजायच्याच नाहीत, सहा डाव जिंकेल तो विजेता. ते दोघं पाच महिने खेळत बसले! अठ्ठेचाळीस डाव. त्यातले चाळीस बरोबरीत. शेवटी सामना बंद करावा लागला."

"पाच म्हयने?" काशीराम म्हणाला. "आनि घरचे काय म्हनत नव्हते?"

"आता तसं नाही. बरोबरी झाली की कमी वेळाचे जलद डाव. तेही बरोबरीत गेले की अतिजलद. तरीही नाही मिटलं तर एकेक डाव, कोणीतरी जिंकेपर्यंत. आपल्या मंडळातही गेल्या वर्षीपासून हेच."

मी विचारले, जुना नियम असता तर तुळसा आज विजेती असती का?

"असती. दहावा डाव झाला त्याच दिवशी सामना संपला असता. पण नियम बदलायचा ठराव काकूंनीच मांडला ना."

"तिने?"

"सामना सुरू व्हायच्या महिनाभर आधी. मी म्हटलं, काकू, तोटा तुमचाच आहे. म्हणाल्या, असू दे."

"आणि अनुमोदन कोणाचे?"

विनीतने काशीरामकडे बोट केले. काशीराम वाशांकडे बघत होता. म्हणाला, "साहेब, तुमच्या वाशाला वाळवी लागायला आलीय. बगून घ्या."

तुळसाने स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेतला कळत नाही. तिला विचारायला हवे होते. वाशांना वाळवी नाही, मी नंतर स्टुलावर चढून पाहिले.

बदली खेळाडूबद्दल विनीत म्हणाला, "गेलेल्या माणसाच्या जागी कोणी खेळायचं, असा नियम जगात कुठे नाही. मी शोधला. पण जगात कावळ्याचाही नाही. त्यामुळे अडचण येऊ नये."

मंडळाच्या खोलीत एक फळा आहे. काळा, त्यावर पिवळ्या रंगाने वर्ष आणि विजेत्याचे नाव. शेवटच्या चार ओळी तुळसाच्या आहेत. पाचवी मोकळी. मी हरलो तर तिथे काशीरामचे नाव येईल. मला ती ओळ तिची हवी आहे. हे मी त्यांच्यासमोर बोललो नाही. इथे लिहितो.


२५ जानेवारी, शनिवार

रोज सकाळी पट मांडून बसतो. दोन्ही बाजूंनी मीच खेळतो आणि दोन्ही बाजू हरतात असे वाटते.

तुळसाचा एक घरगुती नियम होता तो आठवला. मंडळात हात लागला ती सोंगटी हलवावीच लागते. पण आमच्या पडवीत आलेल्याचा हात घसरला तर ती म्हणे, "परत ठेवा. मंडळात नियम, घरात पाहुणा." घसरलेल्या हातावर जिंकणे म्हणजे पाहुण्याच्या ताटातले उचलणे, असे ती म्हणायची. कॉलनीत तिने मोठमोठ्या अधिकाऱ्यांना वजीर परत दिले होते. काशीरामचा हात मात्र कधी घसरला नाही.


२ फेब्रुवारी, रविवार

काल तुळसाचे मासिक श्राद्ध झाले. आज पहिले दोन जलद डाव, पडवीतच, कारण सामना इथलाच. मी तुळसाच्या वेताच्या खुर्चीत बसलो. काशीराम त्याच्या नेहमीच्या लाकडी स्टुलावर. विनीत घड्याळ घेऊन मध्ये.

दुसऱ्या की तिसऱ्या चालीला काशीरामने हातातला उंट हवेत धरला, माझ्या राजाकडे पाहिले, आणि उंट गपकन भलतीकडेच ठेवला. मग तो माझ्या सोंगट्या एकेक मारत आणि आपल्या एकेक मारू देत गेला. बाजारात सुटे द्यावे-घ्यावेत तसे. शेवटी पटावर फक्त दोन राजे उरले. विनीत म्हणाला, दोन राजे एकमेकांना मारू शकत नाहीत, बरोबरी.

दुसऱ्या डावात माझ्याकडे राजा एकटाच राहिला होता, काशीरामकडे वजीर आणि हत्ती. आता संपले असे वाटले. काशीराम बराच वेळ बसला. कपाळावर घाम. मग त्याने वजीर असा ठेवला, की माझ्या राजाला शह तर नाही, पण कुठे हलायलाही जागा नाही. विनीतने उसासा टाकला. अशा वेळीही बरोबरीच असते म्हणे.

काशीराम उठला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. चहाचे दोन कप प्याला. म्हणाला, "साहेब, तुमच्यासंगती खेळन्यापरास ट्रॉलर ओढलेला बरा."

मी एवढा कठीण जाईन असे मला वाटले नव्हते.


४ फेब्रुवारी, मंगळवार

शमिकाला फोनवर सांगितले की मी काशीरामशी दोन डाव बरोबरीत सोडवले. तिला आईमुळे थोडे कळते. तिने दोन्ही डाव कसे झाले ते विचारले. मला आठवले तेवढे सांगितले. वजीर कुठे ठेवला ते तिने पुन्हा विचारले.

मग म्हणाली, "बाबा, काशीरामकाकांचा नंबर देता का?"

"कशाला?"

"सहज. त्यांना थँक यू म्हणायचंय."

बरोबरीबद्दल आभार कशाचे मानायचे, इथे तर कोणी हरलेही नाही. नंबर दिला.


९ फेब्रुवारी, रविवार

गावात बातमी पसरली. आज अतिजलद डावांना पडवीत माणसे मावेनात. बंदरावरचे खलाशी आले, जाळीवाला दुकान बंद करून आला. पायऱ्यांवर बसून बघत होते. कोणी गेलेल्या घरी मोकळ्या हातांनी कसे यायचे म्हणून चहा-साखर घेऊन आले होते. घरात आता वर्षभराची साखर आहे.

पहिल्या डावात काशीरामचा घोडा पुढे गेला, मागे आला, पुढे गेला, मागे आला. मी काय करावे न सुचून हत्ती तसाच मागेपुढे केला. तीच मांडणी तीनदा झाली की बरोबरी मागता येते. काशीरामने ती अशी मागितली की रस्त्यावरची रिक्षा थांबली.

दुसऱ्या डावात मी राजाला अशा जागी नेले की मागून खोकल्याचा आवाज आला. सगळेच खोकू लागले. मी पाहिले तर पुढच्याच चालीला मला मात होती. आता सोंगटी परत घेता येत नव्हती, मी पाहुणा नव्हतो. काशीरामने पटाकडे पाहिले, आढ्याकडे पाहिले, आणि दुसऱ्याच बाजूने नुसता शह दिला. मी राजा हलवला. पुन्हा शह. पुन्हा. असे शहावर शह चालू राहिले, आणि तीही बरोबरी झाली.

पायरीवरून कोणीतरी ओरडले, "अरे काशीराम, मेल्या डोळे तपासून घे! समोर मात होती!"

"तू तुजी होडी तपास आदी! पानी भरतंय तिच्यात!" काशीराम म्हणाला.

त्याचे वय झाले आहे हे खरे. समोरची मात दिसत नाही म्हणजे मोतीबिंदू असू शकतो. जाताना मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांचे नाव दिले. त्याने ते कागदासकट खिशात ठेवले आणि माझ्याकडे पाहत राहिला.

मला वाटते मला बुद्धिबळ येऊ लागले आहे. हे तुळसाला सांगता आले असते तर बरे झाले असते.


१६ फेब्रुवारी, रविवार

आज एकेक डाव, जिंकेपर्यंत. पाच झाले, पाचही बरोबरीत. एकात काशीरामचा राजा नुसता पटभर हिंडला आणि मीही त्याच्यामागे हिंडलो. पन्नास चालींत कोणी प्यादे हलवले नाही, काही मारले नाही, म्हणून विनीतने बरोबरी दिली. बघणाऱ्यांतले दोघे झोपले होते.

पाचव्या डावानंतर विनीतने घड्याळ पिशवीत टाकले. "काका, मी पंच आहे, पण मलाही दुकान आहे."

काशीराम म्हणाला, "मगे वाटून टाक ना. तूच सांगत होतास, परवा न्यूयॉर्कात दोघांनी वाटून घेतलंनी."

"हो, अतिजलद स्पर्धेचं विजेतेपद वाटून घेतलं. त्यावर जगभर शिव्या पडल्या. पण वाटायला दोघांची संमती लागते, आणि वाटणीचा प्रस्ताव फेटाळलेला आहे. बारा जानेवारीला. सगळ्यांसमोर."

कावळ्याच्या निर्णयावर अपील नाही हे प्रत्येकाला पटत होते.

"मी हार मानली तर?"

"तीही त्याच दिवशी फेटाळली."

मग विनीतने शेवटचा उपाय सांगितला. एकच डाव. पांढऱ्याला पाच मिनिटे, काळ्याला चार. पांढऱ्याला वेळ जास्त, म्हणून त्याने जिंकलेच पाहिजे. बरोबरी झाली तर काळा जिंकला असे धरायचे.

"म्हंजे बरोबरी नायच?" काशीरामने विचारले.

"नाहीच."

"कशीपन झाली तरी?"

"झाली तरी ती बरोबरी नसेल. कोणाचा तरी विजय असेल."

काशीरामने चहा घेतला नाही. त्याने स्टूल उचलून भिंतीला लावले, सोंगट्या डबीत भरल्या, प्रत्येक प्याद्यावर फुंकर मारून. एवढा आवाजी माणूस, पण फाटक लावल्याचा आवाजही आला नाही.

मला वाटते तो घाबरला आहे. माझी तयारी चांगली आहे. मी काळा असलो तर नुसती बरोबरी पुरे, आणि बरोबरी मला जमते.


२३ फेब्रुवारी, रविवार

आज निकाल लागला. जसा झाला तसा लिहितो.

विनीतने दोन प्यादी मुठीत धरली. मी उजवी मूठ निवडली. पांढरे निघाले. म्हणजे मला जिंकणे भाग होते. काशीराम काळा, त्याला बरोबरी पुरत होती. पायऱ्यांवरून "अरेरे" असा आवाज आला. काशीराम आपल्या काळ्या सोंगट्यांकडे असा बघत होता, जणू त्याला नासकी मासळी दिली होती.

आम्ही पाच-सहा चाली खेळलो. मग काशीराम थांबला. त्याचे घड्याळ चालू, तो हाताची घडी घालून डोळे मिटून बसला. तीन मिनिटे उरली, दोन, एक. विनीतही वाकून घड्याळाकडेच पाहत होता. मला वाटले, माणूस पहाटे तीनपासून बंदरावर असतो, त्याला डुलकी लागली. वेळ संपून हरला असता. हे काही बरे दिसत नव्हते.

मी म्हटले, "काशीराम, तुमचे घड्याळ चालू आहे."

पायऱ्यांवर कोणीतरी कपाळावर हात मारला. विनीत म्हणाला, "काका, खेळताना बोलायचं नाही." काशीरामने डोळे उघडले. ते लाल होते, झोपेमुळे असावेत. माझ्याकडे रागाने बघून त्याने वजीर उचलला, माझ्या प्याद्याच्या तिरक्या घरात नेऊन ठेवला आणि घड्याळ दाबले. माझे प्यादे त्याला सहज मारू शकत होते. वजीर गेला की काशीरामचा डाव गेला, हे मलाही कळले.

फळ्यावरची पाचवी ओळ माझ्या डोळ्यांसमोर आली. पिवळ्या रंगात. मी प्याद्याकडे हात नेला.

आणि मग खुर्चीचा वेत कुरकुरला, आणि मला आठवले मी कुठे बसलो आहे.

"काशीराम," मी म्हटले, "तुमचा हात घसरला. वजीर परत घ्या."

"नाय घसरला!"

"घसरला. तुम्ही असा वजीर ठेवणार नाही. घ्या परत."

"साहेब, घ्या तो वजीर! मारा!"

"तुळसाने घेतला नसता. मंडळात नियम, घरात पाहुणा."

"मी पावना नाय!" काशीराम उभाच राहिला. "किती रविवार येतोय मी हितं! पावना काय? मारा तो मेला वजीर!"

विनीत म्हणाला, "काका, हात लावलेली सोंगटी परत घेता येत नाही. कलम चार." मी त्याला पडवीचा नियम समजावून सांगितला. तो म्हणाला, पडवीचं कलम नाही. मी म्हटले, हा सामना पडवीतला आहे आणि पडवी तुळसाची आहे. तो नियमावली उघडून पाहू लागला. लोकही बोलू लागले, अर्धे माझ्या बाजूने, अर्धे काशीरामच्या, म्हणजे सगळे माझ्या भल्याचेच बोलत होते, पण वेगवेगळे. जाळीवाला म्हणाला, माणुसकी माणुसकी म्हणून माणूस बुडतो तो असा.

तेवढ्यात घड्याळ वाजले. माझे. पाच मिनिटे संपली होती.

विनीतने नंतर सांगितले की तक्रार करताना आधी घड्याळ थांबवायचे असते. आधी सांगायला हवे होते.

मी हरलो. काशीराम विजेता. टाळी कोणी वाजवली नाही. काशीराम मटकन स्टुलावर बसला आणि म्हणाला, "या घरात मला हरताबी येत नाय." हे तो कशाबद्दल म्हणाला कळले नाही. तो तर जिंकला होता. मी अभिनंदन करायला हात पुढे केला. त्याने हात घेतला तो सोडेचना.

मग एकदम विनीतकडे वळून म्हणाला, "तो परतीचा सामना. हाय का तुज्या नियमात?"

"जगात आता नाही. आपल्या नियमावलीतून काढायचा राहिलाय."

"राहिलाय ना? मगे साहेब, मागा."

"काय?"

"परतीचा सामना मागा माज्याकडे!"

मी म्हटले, "मागतो."

"किती डाव?"

"दहा," विनीत म्हणाला.

काशीराम उभा राहिला. त्याचा बंदरावरचा लिलाव मी आज पहिल्यांदा ऐकला. "दहा! दहा बोललंय! कोन चढवतंय? दहा एक वार..."

"चोवीस!" जाळीवाला ओरडला.

"चोवीस! चोवीस बोला, ताजा माल हाय, चोवीस एक वार... तीस कोन म्हनलं? तीस! तीस एक वार... तीस दोन वार..."

"अहो, असा लिलाव नसतो," विनीत म्हणाला.

मी चार माणसांत कधी आवाज चढवत नाही. ऑफिसच्या बैठकीतही चिठ्ठी देत असे. पण काशीराम माझ्याकडेच बघत होता.

"अठ्ठेचाळीस," मी म्हटले.

विनीतने नियमावली मिटली.

"अठ्ठेचाळीस," काशीराम म्हणाला, अगदी हळू. "एक वार. दोन वार." आणि पटावर असा हात मारला की सोंगट्या परसात गेल्या. "तीन वार! दिला!"

संध्याकाळपर्यंत सोंगट्या शोधत होतो. एक काळा उंट मिळाला नाही. कोंबडीने नेला असावा. त्याच्या जागी सुपारी ठेवली आहे.


२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज फळा रंगवायचा होता. विनीत मला बोलवायला आला. मन होत नव्हते, पण गेलो. जिना खरेच उभा आहे. मलाही दोनदा थांबावे लागले.

पेंटर रंग कालवून बसला होता, पण काशीराम त्याला नाव लिहू देत नव्हता. विनीत म्हणत होता, काशीरामकाका, तुम्ही विजेते आहात, सामना मागितला म्हणून विजेतेपद जात नाही, जगात कुठेही फळा रिकामा राहत नाही.

"रिकामा कोन ठेवतंय? लिव, 'सामना चालू'."

"असं नाव नसतं!"

"नाव माजं हाय ना? मगे मी सांगेन ते लिवायचं. मी विजेता हाय का नाय?"

यावर विनीतला कलम सापडले नाही. पेंटरने पाचव्या ओळीत पिवळ्या रंगाने लिहिले : सामना चालू. अक्षर चांगले आहे.

त्यामुळे फळ्यावर शेवटचे नाव अजून तुळसाचेच आहे. मला ती ओळ तिची हवी होती. ती तिची झाली नाही, आणि कोणाची झालीही नाही. परत येताना जिना सोपा वाटला.


२ मार्च, रविवार

परतीच्या सामन्याचा पहिला डाव आज झाला. बरोबरी. सत्तेचाळीस राहिले. विनीत घड्याळ ठेवून दुकानावर गेला, म्हणाला, तुमचं चालू द्या.

काशीरामचे डोळे मी आज नीट पाहिले. मोतीबिंदू दिसत नाही. सुपारी हातात धरून त्याने विचारले, "हा उंट ना?" मी म्हटले, उंट. खेळाव्यतिरिक्त आम्ही विशेष काही बोललो नाही. एकदा तो म्हणाला, वहिनींनी हितं शह दिला असता. मी म्हटले, हो.

डाव चालू असताना पडवीच्या कठड्यावर कावळा येऊन बसला. अगदी हाताच्या अंतरावर, जराही भीती नाही. काशीरामने बंदरावरून माझ्यासाठी बांगडे आणले होते, ती पिशवी कठड्याच्या खुंटीला टांगली होती, त्याच्या बाजूलाच बसला. बरोबरी झाली तेव्हा दोनदा ओरडला.

तिला मान्य आहे.